मगात बुडवलेले वॅट

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत बी विंगमधे एक काका राहतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. एका रविवारी ते पार्किंगमधे आपल्या गाडीतला जुना ॲम्प्लिफायर विकायला बसले होते. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘हजार वॅट’ छापलेलं. घ्यायला आलेला तरुण म्हणाला, “अंकल, वाजवून दाखवा ना.”

काकांनी स्पीकर जोडलाच नाही. स्पीकरच्या जागी तेवढाच विद्युतरोध असलेला, चार ओहमचा एक रेझिस्टर जोडला आणि तो फार तापू नये म्हणून पाण्याच्या मगात बुडवला. मोबाईलवरून एकच सूर सोडला, तारांना मीटर लावला. आवाज शून्य. काका चष्मा कपाळावर ढकलून आकड्याकडे बघत राहिले. शेवटी सगळं बंद करून त्यांनी मगात बोट घातलं. पाणी कोमट झालं होतं.

“चार ओहमवर अठ्ठावीस व्होल्ट. म्हणजे दोनशे वॅटसुद्धा नाही,” ते म्हणाले. “हजार नुसते छापायला.”

तरुणाचा चेहरा उतरला. “मग राहू दे, अंकल. दुसरीकडे खरा हजारवाला मिळतोय.”

“मोजलास तो?”

“त्याच्यावर लिहिलंय ना!”

तो गेला. मी म्हटलं, “काका, विकून झाल्यावर मोजायचं ना.”

“मी घेतला तेव्हा मला कुणी मोजून दाखवला नव्हता रे.”

त्यांनी मगातलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं. मग स्पीकर जोडून एक जुनं गाणं लावलं. सगळं पार्किंग भरून जाईल इतकं सुरेख वाजत होतं. तरुणाची गाडी तोवर गेटबाहेर पडली होती.