सिंधू जिनिव्हाला गेली तेव्हा

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या त्या गावाकडे पावसानं सलग तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली, तेव्हा टँकर सुरू झाला आणि टँकरबरोबर घागरींची रांग आली. लातूरला रेल्वेनं पाणी येतंय म्हणून देशभर बोभाटा झाला. या गावाकडे मात्र कुणी फिरकलं नाही. इथली रीत अशी, की पहाटे आपली घागर रांगेत ठेवायची आणि कामाला जायचं. घागर म्हणजेच माणूस, तिचा नंबर तोच त्याचा. पण बौद्धवाड्यातल्या घागरींना हा नियम लागू नव्हता. त्या कितीही पुढे ठेवा, टँकर येईपर्यंत शेपटाला गेलेल्या असायच्या. हात लावून कुणी सरकवत नव्हतं, विटाळ होतो ना! काठीनं ढकलायचे. विचारलं तर सगळे साळसूद.

सिंधू शृंगारेनं यावर साधा उपाय काढला. घागरींजवळ माणूस उभं करायचं. डोळ्यादेखत काठी उचलायला हात धजत नाही. गेले दोन उन्हाळे ती स्वतःच डोक्यावर पदर घेऊन उभी राहायची. नवऱ्यानं टाकलेली, बारावी शिकलेली, तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करणारी ही बाई तोंडाची फटकळ. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा लोक तोंड फिरवून बसणं पसंत करायचे. वाड्याला वेगळा टँकर मिळावा म्हणून तिनं अर्जही दिला होता. कचेरीतला बाबू दर वेळी एकच रडगाणं लावायचा.

"उदगीर नवा जिल्हा व्हायलाय बाई. तुमचं गाव तिकडं जातंय का इकडंच ऱ्हातंय, ते ठरू द्या. मग बघू."

जिल्हा काही होईना आणि अर्ज काही हलेना.

अशात तिची निवड झाली. अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांना जिनिव्हात काही आठवड्यांचं प्रशिक्षण, देशोदेशीचे लोक, आणि शेवटी मोठ्या सभागृहात प्रत्येकाला दोन मिनिटं बोलायची संधी. संस्थेनं पेढे वाटले. सिंधूला मात्र पेढा गोड लागेना. ऐन उन्हाळ्यात रांगेत उभं कोण राहणार?

"चांगुणा हाय, तिची जाऊ हाय," तिची आई धुरपताबाई म्हणाली. "पाळीनं उभ्या ऱ्हातील. तू जा. आपलं गाऱ्हाणं तितवर न्यायाला दुसरं कोन हाय?"

"आन तू?"

"मी सावलीत बसते की. मला काय धाड भरलीया?"

शेजारच्या चांगुणानंही शब्द दिला. आईला उन्हात जाऊ द्यायचं नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घेऊनच सिंधू निघाली.

जिनिव्हात रस्त्याच्या कडेला नळ अखंड वाहत असायचे, बंद करायची चावीच नाही. पहिल्या दिवशी तिला त्याचा भयंकर राग आला. नंतर राग ओसरला आणि नुसतं ओशाळल्यासारखं होऊ लागलं. वर्गात करारनामे, कलमं, तक्रार कुठं आणि कशी करायची, सगळं ती मन लावून शिकली. संध्याकाळी घरी फोन लावायची.

"घागरी सरकतात का गं?"

"न्हाई. माणूस हुबं असतंय की," धुरपताबाई सांगायची.

माणूस उभं असायचं हे खरं होतं. पण चांगुणा सिंधूमागोमाग आठवड्यातच लेकरंबाळं घेऊन पुण्याकडं वीटभट्टीवर गेली होती. तिची जाऊही गेली. वाड्यात राहिली ती म्हातारी माणसं. त्यांच्यात पाय धड असलेली एकटी धुरपताबाई. लेकीनं घालून दिलेली पद्धत मोडू नये म्हणून ती रोज जाऊन उभी राहत होती. वैशाखातल्या एका दुपारी टँकर उशिरा आला. म्हातारी घागरींजवळच कोसळली आणि दवाखान्यात न्यायच्या आत गेली.

परमुलखात असलेल्या माणसाला मरण कळवायचं नाही, ते घरी आल्यावरच सांगायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. एकट्या जिवानं तिकडं कुणाच्या गळ्यात पडून रडायचं, असा त्यामागचा विचार. मातीला जमलेल्यांनी तसंच ठरवलं. त्या संध्याकाळी सिंधूचा फोन परगावाहून आलेल्या तिच्या मामानं, ग्यानोबानं घेतला.

"माय कुठाय, मामा?"

"पाण्याला गेलीया."

पुढचे दोन दिवसही माय पाण्यालाच गेली होती. सिंधू चिडली, मामाला बोलली, पण तिला संशय आला नाही. भाषण तोंडावर आलं होतं.

त्या सभागृहात ती उभी राहिली तेव्हा तिचा आवाज कापला नाही. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, आजचं, डोळ्यासमोरचं उदाहरण द्या. सिंधूनं घागरींचं सांगितलं, काठीचं सांगितलं. मग म्हणाली, "आता आमच्या घागरी कुणी ढकलत नाही, कारण तिथं आमचं माणूस उभं असतं. मी इथं बोलतेय आणि माझ्या गावात आमचं माणूस आत्ताही रांगेत उभं आहे." टाळ्या पडल्या. त्या दिवशी ती मनापासून हसली.

परतताना ती हैदराबादला उतरून एस्टीनं उदगीरला आली. स्टँडवर मामा घ्यायला आला होता. जीपमध्ये तो नव्या जिल्ह्याबद्दलच बोलत राहिला. कुठली गावं जाणार, कलेक्टर कुठं बसणार. एरवी हूं की चूं न करणारा माणूस. मायचं विचारलं की पुन्हा जिल्ह्यावरच यायचा. जीप घरासमोर थांबली. दारात बायका बसलेल्या दिसल्या, आणि तिला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

रडून रडून घसा बसला, तेव्हा तिनं मामाला जवळ बसवून सगळं विचारून घेतलं. चांगुणा कधी गेली, माय कितीदा उन्हात गेली, फोनवर खोटं का बोलली. मामानं काही लपवलं नाही. जे ऐकलं त्यानं ती आतून जळून गेली. पद्धत तिची होती आणि जीव मायचा गेला होता.

"मायच्या मागं जलदान केलं?" तिनं विचारलं.

"केलं की. भन्तेजी आले, वंदना झाली."

"विधीला पाणी कुठलं?"

"टँकरचंच. त्या दिवशी गावानं आपल्या घागरी समद्यात पुढं घेतल्या. सावकाश भरा म्हनले. लोक वाईट न्हाईत गं, पोरी."

"आन दुसऱ्या दिवशी घागरी कुठं व्हत्या?"



"दुसऱ्या दिवशी हुबं ऱ्हायाला कोन व्हतं?" ग्यानोबा म्हणाला.