तुडुमातला हात

ताटातले काटे काढावेत, पोटभर जेवावं आणि गप्प बसावं, एवढंच काम होतं माझं. लग्नाला चार महिने झालेले, वय एकवीस, आणि मी पोळ्यासाठी सानगडीजवळच्या सासुरवाडीला गेलेला नवा जावई. पोळा सरला तरी सासूबाई सोडायला तयार नव्हत्या. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हा. तलावातल्या मासोळीचा रस्सा होता. समोर माझा साळा, बायकोचा धाकटा भाऊ, जेवत होता. अठरा वर्षांचा, पोलीस भरतीसाठी रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून धावणारा. मधेच तो म्हणाला, "उद्या तुडूम खोलनार हायत. पाहाले येता का भाऊजी?"

"पाहाले कायले?" मी म्हणालो. "आमच्या दिघोरीले दरसाल मीच खोलतो."

आणि काटा घशात अडकला. सासूबाईंनी कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला, काटा खाली गेला. बोललेलं वाक्य मात्र गिळता आलं नाही. बायको वाढायला उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रश्श्याचं भांडं आत नेलं.

खरं सांगायचं तर दिघोरीला तुडूम उघडताना माझं काम एकच असायचं, बुडी मारणाऱ्यांचे कपडे सांभाळणं. मला पोहता यायचं, पण कमरेएवढ्या पाण्यात.

आमच्या झाडीपट्टीतल्या जुन्या तलावांना पाणी सोडायला दगडी पायऱ्यांचं बांधकाम असतं, तेच तुडूम. पायरीपायरीला वीतभर तोंडाचं भोक, त्यात लाकडी बूच ठोकलेलं. बूच काढलं की पाणी पाळीखालच्या दगडी नळीतून पलीकडच्या धानात जातं. पाऊस पाठ फिरवतो आणि धान पोटरीवर येतो तेव्हा हे बूच काढतात. पाणी वाटणारा पाणकर ते काठावरून लांब बांबूच्या आकड्यानं काढायचा. पण गावोगावच्या पोरांना तो बायकी प्रकार वाटायचा. बुडी मारायची, पाय दगडाला टेकवायचे, दोन्ही हातांनी बूच उपटायचं आणि ते उंच धरून वर यायचं. जो आणील तो वर्षभर छाती काढून चालायचा. हात ओढला जातो हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर मजा होती.

सकाळी पाळीवर आम्ही दोघंच आधी पोचलो. म्हातारा पाणकर आकडा खांद्यावर टाकून दुरून येत होता. पलीकडे शेतात बाया बांध्यांची, म्हणजे धानाच्या वाफ्यांची, तोंडं मोकळी करत होत्या, त्यांत माझी बायकोही होती.

"म्हातारा यायच्या आधी होऊन जाऊ द्या भाऊजी," साळा म्हणाला. "तुमी पावने, मान तुमचा."

"आज सर्दी आहे जराशी."

"रात्री त नव्हती! काहून, दिघोरीचं पानी गरम रायते का?"

उतरलो. पायरीच्या दगडाला धरून धरून खाली गेलो. कानात पाणी शिरलं, डोळ्यांपुढे हिरवं झालं, आणि बुचाला नुसतं बोट लागलं असेल नसेल तोच मी वर आलो. हातात मूठभर शेवाळ. तेवढ्यावर थांबलो असतो तर हसू झालं असतं आणि संपलं असतं. पण मी नाक पुसत म्हणालो, "ढिलं करून आलो. आता एका हातानं निघते."

हे वाक्य मी आजवर शंभर वेळा मनात परत घेतलं आहे.

त्यानं विश्वास ठेवला. जावयाचा शब्द. बूच ढिलं आहे म्हणून पाय न टेकवता, एका हातानं ओढायला गेला. ते कुठलं निघायला. त्यानं हिसडे दिले असणार, कारण पाण्यावर मोठमोठे बुडबुडे आले. मग बूच एकटंच उसळून वर आलं आणि माझ्यासमोर तरंगत राहिलं. मी हसलोसुद्धा. साळा वर येईना.

मी दगडाला धरून खाली हात घातला तर त्याचे केस लागले. डोकं पाण्याखाली जेमतेम हातभर. उजवा हात खांद्यापर्यंत भोकात गेलेला, आणि तलावाचं सारं पाणी त्याला आत दाबतंय. मी काखेत हात घालून ओढलं. जागचा हलला नाही. त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. त्या पकडीचे वळ नंतर आठ दिवस होते.

काय करावं सुचेना. वर आलो, तोंडभर हवा घेतली, खाली गेलो आणि त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकली. अर्धी बाहेर गेली. परत वर. परत खाली. पोहता न येणारा माणूस किती वेळा बुडी मारू शकतो ते त्या दिवशी कळलं. वर आलो की ओरडायचो, काय ओरडायचो आठवत नाही. पाणकर सांगायचा, मी "आई, आई" करत होतो. म्हाताऱ्यानं तरंगतं बूच पाहिलं आणि समजला. तो माझ्याकडे आलाच नाही. पाळीवर चढून पलीकडे ओरडला, "नळी बुजवा! पोरगा अटकला! नळीचं तोंड बुजवा!"

मला वाटलं, म्हातारा पळून गेला.

पाचव्या की सहाव्या बुडीला माझ्या मनगटावरची पकड सैल झाली. तो हवा घेईना. मी फुंकत होतो आणि ती तशीच परत येत होती. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून मी पाण्यातच रडलो. दुसरं काही उरलं नव्हतं.

आणि मग एकदम त्याचा खांदा हलला. आतली ओढ थांबली होती. मी ओढलं, हात सरकत सरकत बाहेर आला, लांबलचक, जणू त्याचा नसलेला.

म्हाताऱ्यानं त्याला पाळीवर पालथा घालून पाठ दाबली. पाणी निघालं, मग शेवाळ निघालं, मग बऱ्याच वेळानं खोकला निघाला.

पलीकडे काय झालं ते नंतर कळलं. बायांनी धानाच्या तणसाचे पेंढे नळीच्या तोंडात कोंबले, पाण्यानं ते बाहेर फेकले. तेव्हा माझी बायको पेंढे पाठीशी घेऊन नळीच्या तोंडात पाठमोरी बसली, पाय समोरच्या दगडाला रेटले, आणि बाकीच्यांनी तिला चिखलाचे गोळे थापून बुजवून टाकलं. नळी तुंबली, तशी तलावाकडची ओढ थांबली. आत कोण अडकलं आहे, भाऊ की नवरा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

बैलबंडीत घालून साळ्याला डॉक्टरकडे नेलं. जीव वाचला. हाताच्या शिरा ताणल्या होत्या, तो हात खांद्याच्या वर पुन्हा कधी गेला नाही. भरती पुढच्या महिन्यात होती. पुढे ऐंशीनंतर सानगडीच्या स्टँडवर तो मला घ्यायला यायचा तेव्हा डावा हात हलवायचा. मी काय सांगितलं होतं, हे त्यानं घरात कधीच काढलं नाही. भाऊजीनं मला हवा दिली, एवढंच सांगायचा. त्यामुळे सासुरवाडीत माझा मान उलट वाढला. मासोळीचा मधला तुकडा माझ्याच ताटात यायचा, आणि तो माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

त्या पोळ्याच्या परतीच्या एसटीत मी बायकोला सगळं कबूल केलं. ती खिडकीशी ताठ बसली होती, पाठ टेकवता येत नव्हती.

"तुमाले पवता येत नाही, हे मले मालूम होतं," ती म्हणाली. "लग्न होऊन आली तेव्हा तुमाले तलावावर लोट्यानं आंघोळ करताना पायलं होतं. त्या रात्री जेवताना बोलली असती त माहा भाऊ धड रायला असता. तुमची लाज राखत बसली मी. आता नाही राखनार."