पूजेच्या दोऱ्यातल्या तारा

झेंडूचा आणि ग्रीजचा वास एकत्र आला की मला नागपूरची ती कापसाची जिनिंग गिरणी आठवते. इंग्रजांचं राज्य होतं आणि मी तिथे नवा फिटर होतो. दसऱ्याला पंपाच्या दोन्ही तारांना कुंकू लावून त्या लाल दोऱ्यानं एकत्र बांधल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात मालकांनी नवं मीटर आणलं, तारेभोवती चिमट्यासारखं मिटणारं. तार न कापता करंट दाखवायचं. पूजेचा दोरा कसा सोडायचा, म्हणून म्हाताऱ्या मिस्त्रींनी चिमटा दोन्ही तारांभोवती मिटला. काटा शून्यावर. "पंप बंद केला दिसते कोणी," म्हणत त्यांनी सांधा तपासायला तारेवरची चिकटपट्टी उकलली आणि उघड्या तांब्याकडं बोट नेलं. तेवढ्यात भिंतीपलीकडं हौदात पडणारं पाणी मला ऐकू आलं. मी त्यांचं मनगटच धरलं. "मिस्त्री, पंप चालून राहिला!" पुन्हा पाहिलं, तरी शून्यच. मीटरचा राग येऊन मी दोरा ओढून काढला, एकाच तारेला चिमटा लावला, तर काटा उडाला. "काहून गा? दोऱ्यानं करंट बांधला होता का?" मिस्त्रींनी विचारलं. एका तारेनं जाणारा आणि दुसरीनं परतणारा करंट चिमट्यात एकमेकांचा परिणाम खोडतात, हे फार पुढं समजलं. तरी अजूनही काटा शून्यावर दिसला की हात लावण्याआधी मी कान देतो.