झुंबरबाईचं ‘न्हाय’

तर मुगदर दगडाच्या वर गेला होता, आणि तेवढ्यात काल तुमच्या आज्जीनं जेवायला हाक मारली. दगड फुटला का, फुटला का म्हणून सकाळपासून माझं डोकं खाताय, तर आता ऐका. पण काल जी पोरं नव्हती त्यांच्यासाठी जरा मागं जातो.

झुंबरबाई म्हणजे आमच्या शनिवार पेठेतल्या जोतीरामाची बायको. दोघं एका शिळाछापखान्यात कामाला. तो चाक ओढायचा, ती छापून झालेले दगड घासून धुवायची. दगडावर अक्षर उलटं लिहावं लागतं, तेव्हा कागदावर ते सुलटं उमटतं. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई अक्षरं शिकली ती दगड धुता धुता, म्हणजे उलटीच! वर्तमानपत्र हातात दिलं की आरशासमोर धरायची. हसू नका. त्रेपन्न साली तो छापखाना बंद पडला तेव्हा तिनं मालकाकडून एक दगड मागून घेतला, हातगाड्यावर घालून घरी आणला आणि दारावर लिहिलं, ‘पाट्या व छाप करून मिळतील.’ सायकलीवर, ट्रंकेवर, शिवणयंत्रावर नावं-फुलं असायची ना, ते छाप. डिंकाच्या कागदावर छापायचं, पाण्यात भिजवायचं, पत्र्यावर सरकवून खालचा कागद ओढून घ्यायचा. ब्रश नको, पेंटर नको.

पेंटर मंडळींना हे कसं रुचावं? पहिल्याच आठवड्यात जोतीरामाला बोळात गाठून बडवला आणि दाराला डांबर फासलं. बाई म्हणाली, “फासूंद्यात. आता दाराला वाळवी तरी लागायची न्हाय.”

पहिलं मोठं काम आलं वडाच्या तालमीचं. गणपतीच्या मिरवणुकीत बैलगाडीला लावायचा पत्रा. गुंडू वस्तादानं मजकूर सांगितला, ‘वडाची तालीम हरणार न्हाय.’ शेजारचे मास्तर मध्येच म्हणाले, “अहो, ‘नाही’ लिहा. ते शुद्ध.”

“नाही म्हंजी पोरगी बघाय गेल्यावर म्हणत्यात, मास्तर,” वस्ताद म्हणाला. “आमचं न्हाय हाय. न्हायच लिव गं.”

कागद लहान, म्हणून चार शब्दांचे चार छाप. मिरवणुकीच्या सकाळी पहिले तीन तालमीच्या गड्यांनी लावले. शेवटचा शब्द मानाचा, तो वस्तादानं स्वतःच्या हातानं लावायचा. तालमीतनं तसाच उठून आला होता, दंड नुसते चकाकत होते. झुंबरबाई म्हणाली, “आदी हात राखंनं धुवा, वस्ताद.”

“का? म्या काय शेणात हात घालून आलोय?” असं म्हणून लावला की त्यानं! मी बैलांचा कासरा धरून शेजारीच उभा होतो.

गाडी चिंचेच्या तालमीसमोर आली. त्यांचं आमचं पिढीजात वाकडं. तेवढ्यात एक बारकी सर आली, आणि ‘न्हाय’ हळूच घसरलं ते थेट बैलाच्या पायाखाली. पत्र्यावर राहिलं काय? ‘वडाची तालीम हरणार’!

चिंचेच्या कट्ट्यावरनं एकजण बोंबलला, “आरं, सोताच लिवून आणलंय की रं! पावण्यास्नी फेटं बांधा!”

झालं! काय मजा सांगू तुम्हाला! लेझमी उलट्या फिरल्या. हलगीवाल्यानं हलगी एकाच्या डोक्यात घातली, ती फाटून त्याच्या गळ्यात जाऊन बसली. एकाचा कान लोंबायला लागला. कपाळं अशी फुटली की गुलाल कुठला आणि रक्त कुठलं कळेना. हा माझा पुढचा दात, तो त्या चौकातच राहिला.

तिथनं आमची माणसं पत्रा उचलून थेट झुंबरबाईच्या दारात. जोतीराम आडवा आला, तो एकाच ठोशात उंबऱ्यावर पडला, नाकातनं धार लागली. शाईचे डबे भिंतीवर फुटले. वाळत घातलेले छाप पायाखाली गेले. वस्तादाची भुवई फाटलेली, खांद्यावर मुगदर.

“झुंबरे, चौकात चल. चिंचंवाल्याम्होरं म्हण, माजा छाप कच्चा हुता. न्हायतर ह्यो दगड फोडतो.”

पेच बघा. तसं म्हणावं तर उद्या तिचा छाप कोण घेणार? न म्हणावं तर दगड जातोय, आणि दुसरा मिळणार कुठून? ती दगडासमोरनं हलेना. तेव्हा मुगदर वर गेला. काल आपण थांबलो ते इथं.

“दमा,” झुंबरबाई म्हणाली. “आदी त्यो पत्रा हिकडं द्या.”

तिनं पत्रा राखेनं घासला. जादा काढून ठेवलेल्यांतलं, पायाखालनं वाचलेलं एक ‘न्हाय’ शोधलं, भिजवलं, जागेवर बसवलं. पत्रा चुलीवर धरून वाळवला. एवढा वेळ सगळे पैलवान रक्त पुसत उभे! मग पत्रा जमिनीवर ठेवून ती म्हणाली, “आता घाला मुगदर. दगडावर न्हवं, ह्याच्यावर. न्हाय उडालं तर दगड म्या सोता फोडते.”

वस्तादानं असा हाणला की पत्र्याची कढई झाली, खालची फरशी तडकली. आणि कढईच्या तळाशी ‘न्हाय’ जसंच्या तसं! मागं एक पैलवान फिस्सकन हसला. वस्तादानं वळून त्याच्या अशी कानाखाली काढली की तो शाईच्या डबक्यात बसला. मग मुगदर पुन्हा उचलून बाईच्या तोंडापुढं धरला.

“मग चौकात कसं पडलं? बोल!”

जोतीरामाचं नाक पदरानं पुसत, मुगदराकडं न बघता ती म्हणाली,

“वस्ताद, मालीश करताना पोरांचा हात तुमच्या पाठीवरनं सरासरा कशानं सरकतोय? त्येच बोटाला घिऊन आलतासा तुमी, माज्या ‘न्हाय’ला हात लावाय.”