शोषखड्ड्यावरची जास्वंद

ती घटना आठवली की आजही माझ्या मिशीचे केस ताठ होतात, आणि ही मिशी पाहून बिबट्याने वाट बदलल्याचं सारा जुन्नर तालुका जाणतो.

येडगाव धरणाकाठच्या एका रिसॉर्टला पर्यावरणस्नेही असल्याची हिरवी पाटी मिळायची होती. तपासणीला दोन दिवस उरले आणि तिथला माळी गायब झाला. मी तेव्हा तिथला फौजदार; त्याची बायको माझ्या ठाण्यात आली. स्टेशन डायरीत नोंद घेताना अंमलदार पुन्हापुन्हा तिच्याकडे बघत होता, कारण ती रडतच नव्हती. "त्येंच्या चपला तिथंच हायेत, साहेब. मानूस न्हाई."

दुपारी रिसॉर्टचा आचारी गुपचूप आला. "मॅनेजर फोनवर म्हनला, 'जिरवला एकदाचा. आता कुनाला पत्ता लागत नाय.'"

सांडपाणी जिरवायला तिथे कागदोपत्री दहा फुटी शोषखड्डा होता. त्यावर ताजी जास्वंद लावलेली.

पंच घेऊन गेलो. मॅनेजर ओरडला, "साहेब, मैला जिरवला म्हणालो मी! मैला!"

"मग खणून बघू की राव."

तो पांढराफटक पडला. नोकरीत शंभर दरोडेखोर लोळवले मी (बरं, साठ धरा), पण पहिल्या कुदळीला डोळे मिटले. कडेला ती बाई, प्रत्येक घावाला पदर तोंडात कोंबणारी.

तीन फुटांवर मुरूम लागला. जन्मात कुणी न खणलेला. प्रेत नव्हतं, आणि शोषखड्डाही नव्हता!

"मैला जातो कुठं?"

मॅनेजरने धरणाकडे पाहिलं. झुडपांमागून एक पाइप थेट पाण्यात उतरला होता. मग त्याने जबाब दिला. माळी तो पाइप तपासणीवाल्यांना दाखवणार होता. "मी नुसता दम दिला, साहेब. तुलाही जिरवीन म्हणालो."

पाटी हुकल्याची बातमी डोंगरात पोचली, तसा भीमाशंकरकडच्या मेव्हण्याच्या घरून माळी अनवाणी ठाण्यात आला. बायकोने चपला त्याच्यापुढे आपटल्या आणि तेव्हा कुठे ती रडली.

"अरे, जास्वंद तूच लावलीस ना?" मी गरजलो. "खाली खड्डा नाही हे ठाऊक असून भ्यालास?"

"म्हनूनच भ्यालो, साहेब. ज्येंनी नसलेला खड्डा कागदावर आनला, ते असलेला मानूस पुसून टाकतील."

तेव्हापासून कुठे हिरवी पाटी दिसली की मी आधी तिथला माळी गाठतो. गप्पा मारू लागला तर निवांत जेवतो. गप्प राहिला, तर त्याच्या पायात चपला आहेत का ते बघतो.