मागच्या सीटवरून

आरटीओत आठ काढून मिळवलेलं लायसन माझ्या पर्समध्ये होतं, पण आमच्या घरात ते चालत नव्हतं. घरचं लायसन बाबा देणार होते आणि त्यांची परीक्षा जगावेगळी होती. स्कूटर ते चालवणार, मी मागे बसायचं आणि रस्त्यात जे जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं. एक जरी गोष्ट सुटली तरी पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

नव्वदच्या दशकातला दिंडोरी रोड तो. कांद्याचे ट्रॅक्टर, द्राक्षांच्या क्रेटनी भरलेले टेम्पो, सुरगाण्याकडून येणाऱ्या, टपापर्यंत माणसं भरलेल्या जिपा. मी मागून बातम्या दिल्यासारखी ओरडायचे, "डावीकडे कुत्रं. पुढे ट्रॅक्टर. जीप थांबतेय, कुणीतरी उतरणार." लोक वळून बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कॉलेजातल्या मैत्रिणी शेजारून भुर्रकन निघून जायच्या. मी मात्र अठरा वर्षांची घोडी, बापामागे बसून कुत्री दाखवत होते.

"गिअर टाकायला कुणीही शिकतं," बाबा म्हणायचे. "तू आधी बघायला शीक."

मला फक्त कॉलेजला एकटीने स्कूटर न्यायची होती. त्यासाठी मी रडले, रुसले, आईकडून वशिला लावला. बाबा ढिम्म.

एका रविवारी ठरवूनच निघाले, आज काहीही सोडायचं नाही. म्हसरूळच्या पुढे डावीकडच्या मळ्यातून दूधवाला सायकलवर रस्त्याकडे येत होता.

"डावीकडून सायकल," मी म्हणाले. वेग कमी झाला नाही. वाटलं, मुद्दाम करतायत.

"बाबा, सायकल! थांबा!" मी त्यांचा खांदा धरून किंचाळले. करकचून ब्रेक लागला. दुधाचा कॅन हातभर अंतरावर होता.

"ओ काका, दिसत नाय का?" दूधवाला तडकला. "पोरगी मागून वरडून राहिली, तुमचं लक्षच नाय!"

एरवी कुणाचं ऐकून न घेणारे बाबा स्कूटरवरून उतरले. रुमालाने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"पास झालीस. आता तू चालव."

काय सांगू तो आनंद! स्कूटर एका अंगाला कलवली, किक मारली आणि घरापर्यंत गुणगुणत आले. बाबा मागे माझा खांदा धरून बसले होते.

त्यानंतर ते कधीच पुढे बसले नाहीत. "आता तू आहेस ना," म्हणायचे, आणि मला तो माझा मान वाटायचा. काचबिंदूने त्यांची कडेची नजर कधीचीच गेली होती, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझं एम.ए. चालू होतं. त्यांना ते बहुधा त्या दूधवाल्यासमोरच कळलं होतं. आजही म्हसरूळवरून जाताना मी आधी डावीकडे बघते.

पुढे दोन हजारनंतर रस्ता रुंद झाला, कडेची झाडं गेली. त्याच स्कूटरवरून मी बाबांना डोळे तपासायला न्यायचे. ते मागून बजावायचे, "पुढे ट्रॅक्टर आहे बरं का."

ट्रॅक्टर केव्हाच मागे पडलेला असायचा. मी वेग जरा कमी करायचे आणि म्हणायचे, "हो बाबा, बरं झालं सांगितलंत."