लिफ्टमध्ये अर्धी राहिलेली बातमी

आमच्या जपानातल्या, निशी-कसाईच्या बिल्डिंगमध्ये किस्से शोधायला जावं लागत नाही. दाराबाहेर चपला साठतात तसे ते साठतात. एक उचलायला जावं तर त्याखाली दुसरा निघतो! त्यात ऑगस्ट महिना, मुलांना सुट्टी, घरात पाहुणे आणि बाहेर अंग भाजून काढणारं ऊन. मग काय विचारता!

या उन्हाळ्यातले किस्से सुरू झाले एका अर्ध्या वाक्यापासून. मी भाजीच्या पिशव्या सांभाळत लिफ्टकडे धावत होते. आत वरच्या मजल्यावरच्या वैद्यबाई कोणाला तरी सांगत होत्या, "मुग्धाचं नक्की झालं हो! सप्टेंबरात घर खाली करतायत, आणि मग कायमचं..."

आणि दार मिटलं!

कायमचं काय? मी बटण दाबत बसले. पण इथली लिफ्ट ती, एकदा निघाली की निघाली. दुसऱ्या दिवशी वैद्यबाई सुट्टीसाठी नाशिकला गेल्या. बातमीचा उरलेला तुकडा घेऊनच गेल्या!

* * *

मुग्धा म्हणजे माझी शेजारीण. आमची भिंत एकच. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बंद करते, इतकी जवळ. नवरा समीर कॉम्प्युटरमध्ये, मुलगी इरा दुसरीत. मुग्धा स्वतः युनिव्हर्सिटीत, डॉक्टर आहे.

नवीन राहायला आली तेव्हा दारावरच्या पाटीवर 'डॉक्टर' वाचून मी दुसऱ्याच दिवशी गुडघा घेऊन गेले. तिने पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाली, "काकू, मी भाताच्या मुळांची डॉक्टर आहे हो. गुडघ्यातलं मला काही कळत नाही."

मी म्हटलं, "मग माझा भात गिचका का होतो ते तरी सांग!"

तेव्हापासून जमलं ते जमलंच. खऱ्या डॉक्टरकडे मला तीच नेते, कारण मी कराडची, बारावी पास. जपानी माझं भाजीवाल्यापुरतं. आमचा मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हा इरा शाळेतून थेट माझ्याकडे यायला लागली. दार उघडताच "तादाइमा!" म्हणते, म्हणजे "मी घरी आले!" माझ्या दारात उभी राहून म्हणते. त्या एका शब्दावर माझी दुपार निघते.

आता तुम्ही म्हणाल, सरळ मुग्धालाच विचारायचं. पण विचारलं तर माणसं म्हणतात, ही चौकशी करते. मी चौकशी करत नाही, लक्ष ठेवते. आणि खरं सांगू? ती "हो काकू, चाललो आम्ही कायमचे" म्हणाली असती, तर मी काय करणार होते?

* * *

त्याच आठवड्यात मुग्धाची कॉलेजची मैत्रीण प्राची आणि तिचा नवरा नितीन पुण्याहून आले. बॅगा अशा, की लिफ्टमध्ये बॅगा गेल्या आणि माणसं जिन्याने!

मी मदतीला गेले. म्हणजे बॅगा उघडताना मी तिथे असावं असं मला वाटलं. पोहे, मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, आंबापोळी, साबुदाणा! प्राची म्हणाली, "इथे काही मिळत नसेल ना, म्हणून सगळं आणलं."

मी तिला चहा झाल्यावर कोपऱ्यावरच्या भारतीय दुकानात नेलं. पोहे, जाडे आणि पातळ. भाजणी. साबुदाणा. हिंगाच्या डब्यासमोर ती उभीच राहिली. "काकू, मग आम्ही आणायचं तरी काय?"

"बातम्या आण गं! बाकी सगळं मिळतं."

परतताना मी सहज विषय काढला, "मुग्धा पुण्याला यायचं म्हणतेय का काही?" प्राचीने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, इथे कोथिंबीर चांगली मिळते हो!"

कोथिंबीर! मी समजले. पोरीला सांगून ठेवलं होतं, बोलू नकोस.

* * *

नितीनकडे सगळी ट्रिप मोबाईलमध्ये आखलेली होती. फुजी, क्योटो, बुलेट ट्रेन, हरणं. मुग्धा म्हणाली, "या उन्हात क्योटो? वितळाल! यंदा कुठे जायचं नाही. लोळायचं, खायचं, संध्याकाळी समुद्राकाठच्या बागेत जायचं. बस्स." फोन हातात घट्ट धरून बोलत होती. का कोण जाणे, त्या दिवसांत फोन ती स्वयंपाकघरातसुद्धा खाली ठेवत नव्हती.

नितीनचं तोंड एवढंसं झालं. त्याला बरं वाटावं म्हणून इरा त्याला सकाळच्या व्यायामाला घेऊन गेली. इथे सुट्टीत मुलं भल्या पहाटे बागेत जमतात, रेडिओवर पियानो वाजतो आणि त्या तालावर सगळे हातपाय हलवतात. आल्याबद्दल कार्डावर शिक्का. शिक्का मारायला आमच्या तळमजल्यावरच्या सातोसान, म्हणजे सातोबाई, बसतात, वय ऐंशीच्या पुढे, पाठ माझ्यापेक्षा ताठ.

नितीन रांगेत उभा राहिला आणि हात पुढे केला. सातोसाननी त्याचं पोट पाहिलं, थोडा विचार केला आणि त्यालाही गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं! ससा आणि बेडकाचं चित्र असलेलं.

झालं. पुण्यात हा माणूस आठच्या आधी डोळे उघडत नाही म्हणे. इथे सगळ्यांच्या आधी बागेत! शेवटी समीरलाच दया आली. म्हणाला, "अरे, तुम्ही दोघं दोन दिवस जाऊन या क्योटोला. मी तिकिटं काढतो."

नितीन दचकला. "वेडा आहेस का? क्योटो कुठे पळून जात नाही. माझे दोन शिक्के बुडतील!"

* * *

प्राची बोलेना, तेव्हा मी सातोसानकडे गेले. त्यांना मराठी येत नाही, मला जपानी येत नाही, तरी बिल्डिंगमधलं काही आम्हा दोघींपासून लपून राहत नाही. मी मुग्धाच्या दाराकडे बोट दाखवलं आणि हाताने 'काय' केलं.

सातोसान खुलल्या. आधी खोकं उचलल्यासारखं केलं. मग कुलूप लावल्यासारखं. मग टाटा. आणि शेवटी हात लांब करून बोट रोखलं, तिकडे!

मी तडक जिना चढले. घरी येऊन मी यांना, म्हणजे आमच्या साहेबांना सांगितलं, "अहो, सातोसाननी स्पष्ट दाखवलं. तिकडे! त्या दिशेला भारतच ना?"

पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले, "त्या दिशेला सुपरमार्केटपण आहे."

पण दुसऱ्या दिवशी मुग्धाच्या डायनिंग टेबलावर मी स्टिकर पाहिलं. इथे मोठी वस्तू टाकायची तर आधी फोन करून दिवस ठरवायचा, दुकानातून स्टिकर आणून चिकटवायचं आणि ठरल्या सकाळी वस्तू खाली ठेवायची. टेबल टाकतायत! जेवणार कशावर? माणूस टेबल कधी टाकतो? गाव सोडतो तेव्हाच ना!

* * *

स्टिकरवरून आठवलं. यांची आरामखुर्ची. बसलं की कण्हायची, उठलं की शिव्या द्यायची. वर्षानुवर्षं मागे लागून मी यांना तयार केलं, फोन केला, स्टिकर लावलं आणि ठरल्या सकाळी यांनी ती खाली नेऊन ठेवली. दोनदा मागे वळून पाहिलं. स्टेशनवर पोरीला सोडून आल्यासारखा चेहरा!

दुपारी मुग्धाकडे चहाला गेले. नितीन उत्साहात. "काकू, बसा बसा! आज तुम्हाला स्पेशल जागा!" मी बसले. खुर्ची कण्हली.

ते कण्हणं मी झोपेतसुद्धा ओळखलं असतं!

"व्यायामाहून येताना खाली दिसली," नितीन सांगत होता, "काय लोक आहेत बघा, इतकी भारी खुर्ची टाकून दिली! वर बक्षिसासारखं स्टिकरपण होतं." समीर ऑफिसला गेलेला, मुग्धा अंघोळीला. अडवणार कोण? तोपर्यंत खाली कचऱ्याची गाडी येऊन, शोधून, निघूनही गेली होती.

मुग्धाने कपाळावर हात मारला. कचऱ्याचे नियम सांभाळणाऱ्या सातोसानपाशी जाऊन, वाकून वाकून माफी मागून आली. मी यांना हाक मारली, म्हटलं या, आपली वस्तू घेऊन चला. हे आले, खुर्ची पाहिली, तिच्यात बसले आणि म्हणाले, "राहू दे इथेच. मुग्धाच्या पाहुण्यांना लागेल."

तेव्हापासून रोज पेपर घेऊन हे मुग्धाकडे! खुर्ची घराबाहेर काढली, तर तिच्यामागोमाग नवराही गेला!

* * *

मग आला बोनचा नाच. पितरांच्या दिवसांत इथे बागेत मधोमध मचाण उभारतात, वर ढोल, आणि खाली सगळे गोल फिरत नाचतात. सातोसाननी प्राचीला स्वतःचा जुना युकाता, म्हणजे सुती किमोनो, नेसवला. मी नऊवारी नेसून गेले, म्हटलं आपणही कमी नको.

गोलात दोन फेऱ्या झाल्या. ढोल जरा रंगात आला आणि माझे पाय ऐकेनात. मी प्राचीचे हात धरले आणि घातली फुगडी! युकाता, नऊवारी, सगळं गरागरा. थांबलो तर समोर सातोसान. दोन्ही हात पुढे, फुली घातलेली, तयार!

ऐंशीच्या बाईला मी हळूच फिरवलं. त्यांनी मला जोरात फिरवलं!

चक्कर येऊन मी बाकावर टेकले, तेव्हा मुग्धा दिसली. गर्दीपासून लांब, झाडाखाली, फोनवर. समोर कोणी नसताना कमरेत वाकून वाकून "हाय, हाय, आरिगातो गोझाइमास", म्हणजे हो, हो, आभारी आहे, म्हणत होती. फोन ठेवला आणि समीरच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

ढोल चालूच होता. मला मात्र तो ऐकू येईना. स्वतःलाच म्हटलं, अलका, ठरलं. पोरगी चालली.

* * *

नाचाच्या दुसऱ्याच संध्याकाळी, पाहुणे निघायच्या आदल्या दिवशी, मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळ आणले. एक नाही, दोन. तांदूळ, हळदकुंकू, दोन खण. प्राची परत निघालेली, तिची ओटी भरली. मग मुग्धाला म्हटलं, "तू पण बस."

"मी? मला कशाला काकू?"

"बस म्हटलं ना!"

ती बसली. मी ओटीत नारळ घातला आणि सुरूच झाले. "सुखरूप जा. तिकडे नवीन शेजारीण मिळेल तिला सांग, मला चहात आलं जास्त लागतं. गुडघ्याचं माझं मी बघेन. इराला मराठी बोलायला लावा. आणि पुण्याला पोचलीस की फोन कर."

 आमचे हे खुर्चीत, खुर्चीसुद्धा गप्प!

मग इराने विचारलं, "काकूआजी, पुण्याला कोण चाललंय?"

मी मुग्धाकडे पाहिलं. मुग्धा प्राचीकडे. प्राची म्हणाली, "मी काही बोलले नाही हं! मी फक्त कोथिंबीर म्हटलं!"

इराने माझा हात धरून मला बाल्कनीत नेलं. आमच्या बिल्डिंगसमोर दुसरी बिल्डिंग आहे, मध्ये सायकलींचं छप्पर आणि एक जांभळाएवढी बाग. इराने बोट रोखलं. अगदी सातोसाननी रोखलं होतं तिकडेच. "आसोको!" म्हणाली. ते काय तिथे!

घर सोडणार होते ते खरंच. कायमचं तेही खरंच. समोरच्या बिल्डिंगमध्ये घर विकत घेतलं होतं, कायमचं! इराला वेगळी खोली हवी म्हणून. बँकेचा होकार येईपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं ठरलेलं (घर बघताना वैद्यबाईंनी आणि सातोसाननी पकडलं ते वेगळं), आणि तो फोन आला बोनच्या नाचात. टेबल टाकायचा दिवस आधीच ठरवून ठेवला, कारण नव्या घरात ते दारातूनच जाणार नव्हतं. पुणं मात्र सगळं माझ्या डोक्यातलं होतं.

"काकू, तुम्हाला सगळ्यात आधी सांगणार होते," मुग्धा डोळे पुसत हसत होती. "पण बँक नाही म्हणाली असती, तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त रडला असता!"

"नारळ परत दे," मी म्हटलं.

तिने दिला नाही. आमच्या यांनी एवढंच विचारलं, "खुर्ची तिकडे येतेय ना?"

* * *

सप्टेंबरात किल्ली मिळाली. रिकामं घर बघायला मुग्धा मलाच घेऊन गेली. मी खिडकीपाशी उभी राहिले आणि पाहते तर काय, समोर माझं स्वयंपाकघर! माझा गॅस, माझी बरणी, पेपर वाचणारे हे, सगळं लख्ख! इतकी वर्षं आमच्यामध्ये भिंत होती, नुसतं ऐकायला यायचं. आता सगळं दिसणार!

नव्या घरासाठी मुग्धाने पहिली खरेदी काय ठरवली असेल? पडदे! चांगले जाड, पलीकडचं काही दिसू नये असे. आणि मापाची टेप धरायला मीच.

दिवाणखाना झाला. झोपायची खोली झाली. इराची खोली झाली. शेवटी माझ्या स्वयंपाकघरासमोरची ती खिडकी आली. मी टेप वर धरून उभी राहिले.

मुग्धाने तिच्याकडचं टोक सोडलं. सर्रकन टेप माझ्या हातात येऊन गुंडाळली.

"हिला नको," म्हणाली.